लाल हातपंपाचे वडील

माझ्या दवाखान्यात पहिल्या दिवशी जो पहिला माणूस आला, त्याने मलाच दात दाखवायला सांगितलं.

मी दातांचा डॉक्टर. आमचं घराणं मराठ्यांच्या राज्यात रायपूरला आलं आणि परत जायचं विसरलं. राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, भोपाळहून ट्रक भरभरून फायली येऊ लागल्या, तेव्हा मी हिशेब केला की फायलींबरोबर साहेबलोक येतील आणि साहेबलोकांबरोबर त्यांच्या दाढा येतील. म्हणून तात्यापारा मोहल्ल्यात तळमजल्यावर गाळा घेतला. नवी खुर्ची, नवा दिवा, नवी पाटी, आणि या सगळ्यांपेक्षा नवा मी. दारात उभा राहून पेशंटची वाट बघत होतो, तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे भाडेकरू जिना उतरून आले. किडकिडीत अंगकाठी, अर्ध्या बाह्यांचा खाकी सदरा, खिशाला पेन, पेनाशेजारी पेनाएवढीच विजेरी आणि डाव्या हातात चौकोनी घडीचा रुमाल.

"दात दाखवा जी," ते म्हणाले.

आवाजात असा काही सरकारी कोरडेपणा होता की मी तोंड उघडलं. माझ्याच दवाखान्यात, माझ्याच पाटीखाली.

त्यांनी विजेरी मारली. "वरचे समोरचे दोन... हं. लहानपण नळाच्या पाण्यावर गेलं. इथलंच, रायपूरचं. पण मधात एकदा बाहेर होते तुम्ही. दोन-तीन वर्षांचे असान. वर्षभर तरी."

"छे," मी म्हणालो. "माझा जन्म इथला, सगळं इथलंच."

"हे पयलं पाणी आहे," ते शांतपणे म्हणाले. "जाऊ द्या. घरी आईले विचारा." आणि आले तसे जिना चढून गेले.

दुपारी जेवताना आईला विचारलं. ती भात वाढता वाढता थांबली. "होतास की. तुझ्या धाकट्या भावाच्या वेळी माझी तब्येत बिघडली होती. तुला वर्षभर मामाकडे गावाला ठेवलं होतं. पण तुला कोणी सांगितलं?"

जेवण टाकून मी आरसा आणि भिंग घेऊन बसलो. वरच्या दोन दातांवर, मधोमध, खडूने ओढावी तशी एक बारीक आडवी रेघ होती. दात बनत असताना पोटात गेलेलं पाणी दातावर खूण ठेवून जातं हे आमच्या पुस्तकात होतं. मी ते पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, पास झालो होतो. पण मामाच्या गावचं ते वर्ष मी तोंडात घेऊन हिंडत होतो आणि मला पत्ता नव्हता. ते वरच्या मजल्यावरच्या माणसाने पेनाएवढ्या विजेरीने वाचलं. मला खरं तर राग यायला हवा होता. पण मी आरसा जवळ ओढून ती रेघ पुन्हा बघितली.

ते होते लांजेवार काकाजी. मूळचे विदर्भातले, नोकरी पाण्याच्या सरकारी खात्यात. काम एकच, गावोगावच्या पाण्याचे नमुने गोळा करून प्रयोगशाळेत आणून देणं. त्यासाठी एक लाकडी खोकं होतं, आत कापसात बसवलेल्या बाटल्या. बसमध्ये ते खोकं खिडकीशी बसायचं आणि काकाजी उभे राहायचे. कंडक्टरने काही म्हटलं तर म्हणायचे, "मी उभा राहिलो तर काही बिघडत नाही. हे पडलं तर एक गाव पडते."

नमुना घ्यायची त्यांची पद्धत ठरलेली. हातपंप आधी बराच वेळ नुसता हापसायचा. तेवढ्यात जे पाणी येतं ते पाइपात साचलेलं, शिळं. ते खरं नव्हे. मग बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, आणि मग भरायची. "पयलं पाणी नाही घ्यायचं," हा या कामाचा नियम. काकाजींनी तो सगळ्या जगाला लावून टाकला होता. तुम्ही त्यांना "बरं आहे" म्हटलं की ते काही न बोलता थांबून राहत. तुम्हीही थांबत. मग तुमच्या तोंडून निघे, की पाठ दुखते, झोप येत नाही, पोरगा ऐकत नाही. "हं," काकाजी म्हणत, "आता खरं पाणी आलं." माझे अर्धे पेशंट दाढ दुखते म्हणून येत आणि जिन्याजवळ काकाजींना भेटून घरची सगळी रडगाणी सांगून मग आत येत. मला वाटे, फी त्यांनी घ्यावी.

दुसरी खोड बाटलीवरच्या चिठ्ठीची. खात्याचा नियम असा की चिठ्ठीवर गावाचं नाव आणि हातपंपाचा क्रमांक लिहायचा. काकाजी हे दोन्ही लिहीत आणि खाली तिथे पाणी भरणाऱ्या बाईचं नाव घालत. "बुधियारिन बाई, सासू आंधळी, चार पोट्टे." वरिष्ठ साहेब चिडायचे. हा नमुना आहे की वरातीची यादी? काकाजी म्हणत, "साहेब, नंबर काही पाणी पीत नाही."

त्यांची कीर्ती खरी पसरली ती माझ्या धाकट्या भावासाठी मुलगी बघायच्या कार्यक्रमात. मुलीकडचे रायपुरातल्याच गुढियारी भागातले. आमच्याकडून वडीलधारे म्हणून काकाजींना नेलं, ही आईची कल्पना. पोहे आले, चहा आला, मुलगी आली. ती खाली मान घालून बसली आणि काकाजी खिशातली विजेरी काढून उठले.

"पोरी, दात दाखव जरा."

मुलीचे वडील उभे राहिले. माझ्या भावाने डोळे मिटून घेतले. मुलगी मात्र धीट. तिने मान वर करून दात दाखवले, म्हणजे जवळजवळ विचकलेच. काकाजींनी विजेरी मारली आणि त्यांचा चेहरा असा झाला, जणू देवळाचा पडदा सरकून आत मूर्ती दिसली.

"कुठचं पाणी?" ते हलक्या आवाजात म्हणाले. "लहानपणी कुठचं पाणी प्यायली तू?"

"आजोळच्या विहिरीचं," मुलगी म्हणाली.

"त्या विहिरीचा पत्ता द्या जी," काकाजी तिच्या वडिलांना म्हणाले आणि पेन काढून लिहायला बसले. त्यापुढे त्यांनी ना मुलीचं शिक्षण विचारलं, ना स्वयंपाक. पुढच्या आठवड्यात खोकं घेऊन त्या विहिरीवर जाऊन आले. लग्न ठरलं, झालं. माझी भावजय अजून सांगते, "मला सासरच्यांनी पसंत केलं. काकाजींनी माझ्या विहिरीला पसंत केलं."

स्वतः काकाजी एकटेच होते. बायको, मुलंबाळं काही नाही. आईने एकदा सरळ विचारलं, "काहून नाही केलं लग्न?" ती त्यांच्याशी बोलताना त्यांच्यासारखंच बोले. काकाजी म्हणाले, "राहून गेलं." आई त्यांच्याच पद्धतीने थांबून राहिली, पण पुढचं पाणी काही आलं नाही. ते रुमाल तोंडापाशी नेऊन थोडं हसले आणि जिना चढून गेले. तो रुमाल हसताना कायम तोंडापाशी असायचा. आम्हाला वाटायचं, स्वच्छतेच्या खात्यातला माणूस, सवय असेल.

एका संध्याकाळी ते दवाखाना बंद करायच्या वेळी आले आणि पेशंटच्या खुर्चीत बसले. आधी कधी बसले नव्हते. मी म्हटलं, "काय काकाजी?" ते म्हणाले, "बरं आहे." मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो. मी काही बोललो नाही, थांबलो.

"डॉक्टर," थोड्या वेळाने ते म्हणाले, "मी एका गावाले जहर पाजून राहिलो."

मग सगळं सांगितलं. कुरमाडीह नावाचं लहानसं गाव, रायपूरपासून बसने तीन तास. तिथे एक खोल हातपंप. तिकडे हातपंपाला बोरिंगच म्हणतात. त्याचं पाणी थंडगार, गोड, आरशासारखं. पण त्या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी होतं तसं, खालच्या दगडातून त्यात फ्लोराइड उतरत होतं. थोडं असलं तर दाताला बरं, जास्त झालं की दात तपकिरी होतात, पुढे गुडघे आणि पाठ वाकते. रंग नाही, वास नाही. उकळून जात नाही, उलट घट्ट होतं. काकाजींनी नमुना आणला, तपासणीत नापास झाला. नापास हातपंपाला लाल रंग द्यायचा, म्हणजे लोक समजतात, असा नियम. काकाजी स्वतः डबा-ब्रश घेऊन गेले, दोन हात लाल रंग दिला, जमलेल्यांना "याचं पाणी पिऊ नका" असं सांगितलं आणि शेवटची बस पकडली.

दोन-अडीच वर्षांनी पुन्हा गेले तर हातपंपाला शेंदूर. गळ्यात लाल चुनरी, पायाशी नारळ, शेजारी बांबूवर झेंडा. आणि पाण्याला ही रांग.

"सरकारचा माणूस रायपुरातनं येते, काही न मागता एका बोरिंगले लाल रंग देते, पाणी पिऊ नका म्हणून सांगते अन् चालला जाते. गावाले काय वाटन? सांगा ना. त्याईले वाटलं, हिच्यात काही तरी आहे, सरकार आपल्यापासून लपवून राहिली. आधी दहा घरं पीत होती. आता सारं गाव पिऊन राहिलं. बाजूच्या गावाचे डबे घेऊन येतात. बोरिंग दाई म्हणतात तिले, आई." त्यांनी रुमाल मुठीत धरला. "आमच्या तपासणीत औषध टाकलं अन् बाटलीतलं पाणी लाल झालं म्हणजे चांगलं. आमच्या बोरिंगवर लाल म्हणजे वाईट. अन् गावात लाल म्हणजे देव. आता तुम्हीच सांगा, चूक कोणाची?"

मी म्हटलं, खरडून काढा रंग.

"गेलो होतो पॉलिशपेपर घेऊन. बायका खराटे घेऊन धावल्या." मग म्हणाले, "तुम्ही चला. दाताचा डॉक्टर सांगन तर ऐकतीन."

रविवारी गेलो. मी प्लास्टरचा जबडा घेऊन गेलो होतो. पिंपळाखाली सगळं गाव जमलं. मी जबडा उघडून, मिटून, तासभर भाषण दिलं. लोकांनी फार मन लावून ऐकलं, जबडा हातोहात फिरवला, म्हाताऱ्यांनी त्याला नमस्कार केला. आणि भाषण संपल्यावर एवढं बोलून डॉक्टरांचा घसा सुकला असेल म्हणून मानाने एक लोटा पुढे आला. बोरिंग दाईचं पाणी. मी काकाजींकडे पाहिलं. ते दुसरीकडे बघत होते. मी प्यालो. खरं सांगतो, एवढं चवदार पाणी मी जन्मात प्यालो नव्हतो.

तो लोटा आणणारी सुकवारो. तिच्या कडेवर वर्षाची पोर, सोनकुंवर. सुकवारोला फार वर्षांनी मूल झालं होतं. आधी ती गावाबाहेरच्या जुन्या विहिरीवर जायची, पण दाईला केलेला नवस फळला म्हणून आता रोज पहाटे बोरिंग दाईचं पाणी न्यायची आणि पहिला घोट पोरीला पाजायची. काकाजींनी पोरीच्या तोंडात विजेरी मारली. खाली दोन दात, तांदळाएवढे.

"हे दुधाचे," ते मला म्हणाले, "हे नाही मोजायचे. खरे दात आत बनून राहिले, हिरडीच्या आत. ही पोट्टी आज जे पिऊन राहिली ना, ते तिथं लिहिणं सुरू आहे."

"आणि वाचायला कधी मिळणार?"

"सहा-सात वर्षांनी." मग विजेरी खिशात ठेवत म्हणाले, "हिचे दात तरी मले साफ पाह्यजे, डॉक्टर. एवढं एक."

मी एवढा मोठा डॉक्टर, पण त्या पोरीच्या हिरडीकडे बघताना माझ्या अंगावर काटा आला. आत अंधारात काहीतरी बनत होतं आणि त्यात आजचा घोटही जात होता.

गावचे पुजारी म्हणजे बैगा. वाकलेले, काठीवर टेकलेले. ते आम्हाला तलाव दाखवायला घेऊन गेले. पाण्याच्या मधोमध एक लाकडी खांब रोवलेला होता. मी सहज विचारलं, हा कशासाठी? बैगांनी हसून, गमछा तोंडापाशी धरून सांगितलं, की हा तलावाचा नवरा. तिकडे नवा तलाव खोदला, विहीर खोदली की तिचं लग्न लावतात. हळद लागते, वरात निघते, जेवणं होतात. तोवर ते पाणी कुंवारी, म्हणजे कुमारी. ते प्यायचं नाही, देवाला चढवायचं नाही.

काकाजी जागच्या जागी थांबले. मग एकदम बैगांकडे वळून त्यांनी विचारलं, "अन् बोरिंग दाई के बिहाव कब होइस?"

लग्न, आणि बोरिंगचं? बैगांनी डोकं खाजवलं.

"जोपर्यंत ती सरकारी बोरिंग होती, तोपर्यंत गोष्ट अलग," काकाजी त्यांना समजावू लागले, आधी छत्तीसगढीत, मग घाईने मराठीत, मग दोन्हीत. "आता तुम्ही तिले देवी केलं. देवी केलं तर देवीचे कायदे लागू. कुंवारी पोरीचं पाणी सारं गाव पिऊन राहिलं, शोभते का?"

गाव पुन्हा पिंपळाखाली जमलं. माझ्या जबड्याने जे तासात झालं नाही, ते या एका प्रश्नाने पाच मिनिटांत झालं. बायकांनी तोंडावर पदर घेतले. एवढी मोठी चूक, आणि कोणाच्या लक्षात आली नाही! जुन्या विहिरीचं लग्न मात्र बैगांच्या आजोबांनी लावलेलं होतं, रीतसर. तेव्हा प्यायला तीच. मी मनातल्या मनात काकाजींच्या पायावर डोकं ठेवलं.

पण पुढच्याच क्षणी बैगा उठले आणि म्हणाले, हात्तिच्या, मग लावून टाकू लग्न. येत्या रामनवमीलाच. पोरं ओरडली, कोणीतरी लग्नातली वाजंत्री, गडवा बाजा, कुठून आणायचा तेही सांगून टाकलं. काकाजींचा चेहरा पांढरा पडला. जिंकलेला डाव हातातून चालला होता. तेवढ्यात बैगांनाच अडचण सुचली. मुलगी द्यायची तर कन्यादान कोण करणार? वडील कोण? ते काकाजींकडे वळले आणि काठी उचलून म्हणाले, "रंग तुमन चढाए हव, त ददा घलो तुमन हव." तुम्ही रंग चढवला, तर बापही तुम्हीच.

माझ्या डोळ्यांदेखत काकाजी बाप झाले. मान ताठ झाली, आवाज बदलला.

"हव," ते म्हणाले. "मीच बाप. अन् माझी पोट्टी अजून लहान आहे. मी नाही देत."

मुलीच्या बापापुढे कोण बोलणार? गाव मुकाट्याने विहिरीवर गेलं.

परत येताना बसमध्ये काकाजी खोक्याशेजारी बसले, पहिल्यांदाच. विहिरीचा नमुना फ्लोराइडमध्ये पास झाला, पण जंतूंनी भरलेला निघाला. मग विहिरीचा गाळ काढणं, कठडा बांधणं, ब्लीचिंग पावडर टाकणं हे सगळं आलं. पावडरीच्या वासाने लोक नाक मुरडायचे. तेव्हा दर चौथ्या रविवारी काकाजी स्वतः जायचे, सगळ्यांसमोर पहिला लोटा आपण प्यायचे. खात्याच्या कामात हे कुठेच बसत नव्हतं. सुट्टी त्यांची, तंगडतोड त्यांची. निवृत्त झाले तरी रविवार चुकला नाही.

आणि दर वर्षी बोरिंग दाईला स्थळ यायचं. कुरमाडीहचे चार लोक साल वृक्षाच्या लाकडाचा एखादा सरळसोट खांब बघून ठेवायचे आणि विचारायचे, ददा, मुलगा कसा वाटतो? काकाजी विजेरी घेऊन जायचे. एकाला कीड निघाली. एक फार उंच होता, जोडा शोभणार नाही म्हणाले. एकदा खांबात खरंच काही खोट सापडेना, तेव्हा माझ्या आईने रायपुरातून सल्ला पाठवला, "पत्रिका मागा." झाडाची पत्रिका कुठून आणणार? त्या वर्षीचं स्थळ मोडलं. रायपुरात आमच्याकडे येऊन काकाजी अगदी गंभीरपणे म्हणायचे, "पोरीच्या बापाले फार त्रास असते, वहिनी." आई त्यांच्यासाठी चहा टाकायची आणि पुढल्या वर्षी काय कारण सांगायचं याची दोघं बसून चर्चा करायची. एवढ्यात खात्याने त्या हातपंपाचा दांडा काढून नेला. दाई राहिली, पाणी गेलं. तरी काकाजींनी होकार दिला नाही. म्हणाले, घाई कशाला.

मला वाटे, मी असा माणूस पाहिलेला नाही. औषध देऊन दुसऱ्या दिवशी फरक पडला का विचारणारे आम्ही. हा माणूस एका पोरीला पाणी पाजून सात वर्षं उत्तराची वाट बघत होता, आणि मधल्या काळात दुसऱ्या गावांची खोकी वाहत होता.

मग एका रविवारी ते जिना उतरून आले. आता गुडघे धरून उतरायचे.

"डॉक्टर, चला. रिपोर्ट आला. सोनकुंवरचे समोरचे दात आले म्हणते सुकवारो."

"तुम्ही बघितले?"

"नाही."

बसमध्ये तीन तास ते रुमालाची घडी घालत होते, मोडत होते, पुन्हा घालत होते. कुरमाडीहला उतरलो तर विहिरीच्या कठड्याशी सगळे उभे. बैगा आता काठीवरही धड उभे राहू शकत नव्हते, त्यांना बाजेवर बसवलं होतं. सुकवारोने शाळेच्या निळ्या फ्रॉकातल्या पोरीला पुढे केलं.

काकाजींनी विजेरी काढली. आणि ती माझ्या हातात दिली.

"तुम्ही पहा. मले आजकाल नीट दिसत नाही."

त्यांना उत्तम दिसत होतं. त्या सकाळीच त्यांनी जिन्यावरून माझ्या पाटीवरची धूळ दाखवली होती. साऱ्या रायपूरला दात दाखवायला लावणारा माणूस एका पोरीच्या तोंडात बघायला घाबरत होता.

मी खाली बसलो. म्हटलं, बेटी, तोंड उघड. वरचे दोन, खालचे चार. नुकते उगवलेले, ओले, कडांना नव्या दातांची ती बारीक नक्षी. मी एकेक करून बघितले. डाग नाही. खड्डा नाही. माझ्या स्वतःच्या दातावर आहे तेवढी रेघसुद्धा नाही.

"काकाजी, साफ आहेत."

"हे पयलं पाणी असन," ते म्हणाले. "पुन्हा पहा."

बाटली विसळावी तसे मी तीनदा बघितले. तिन्ही वेळा तेच. मग ते विहिरीकडे तोंड करून उभे राहिले, आणि आम्ही सगळे इकडेतिकडे बघू लागलो.

बैगा बाजेवरून ओरडले, ददा, सोनकुंवरचे दात आले, आता तरी सांग, तुझ्या पोरीचं लग्न कधी?

काकाजी वळले. "माझ्या पोरीले," ते म्हणाले, "अजून दात नाही आले."

सगळं गाव हसलं. बैगांनी हसता हसता गमछा तोंडाशी नेला. सुकवारोने पदर नेला. बाकीच्या बायकांनी पदर, पुरुषांनी हात. इतकी वर्षं मी हे बघत होतो आणि मला वाटत होतं, या लोकांची ही रीत आहे, लाज आहे. दातांचा डॉक्टर मी! रीत नव्हती ती, कुठकुठल्या पाण्याचे तपकिरी डाग झाकले जात होते. आणि त्यांच्यामधे उभी राहून सोनकुंवरही हसली. हसता हसता तिचा हात उठला आणि तिने तोंड झाकून घेतलं.

काकाजींनी ते पाहिलं. ते हळूहळू, गुडघे धरत, तिच्यासमोर खाली बसले.

"काबर ढांकत हस, बेटी?" का झाकतेस?

ती बोटांच्या आडून म्हणाली, "सबो झन ढांकथें." सगळेच झाकतात.

काकाजींनी डाव्या हातातला रुमाल खिशात घातला, पेनाच्या शेजारी. तो रुमाल खिशात जाताना मी पहिल्यांदाच बघत होतो. आणि ते हसले. मोठ्याने, तोंड उघडून.

त्यांचे दात तपकिरी होते. पुढच्या दोन दातांना खड्डे पडलेले, कडा झिजलेल्या. कुठल्या तरी गावच्या विहिरीचं पाणी होतं ते, पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीचं, आणि कोणी विजेरी घेऊन आलं नव्हतं. आईच्या प्रश्नाला मिळालेलं ते "राहून गेलं" मला तेव्हा, त्या कठड्यापाशी, कळलं. ते माझ्या डोक्यावर राहत होते, रोज माझ्या दारावरून जात होते. एकदाही मी त्यांना दात दाखवा म्हटलं नव्हतं.

सोनकुंवरने त्यांचे दात अगदी जवळून, निरखून पाहिले. मग तिने आपला हात खाली घेतला.

बसला अजून अवकाश होता. बस येईपर्यंत ती दोघं विहिरीच्या कठड्यावर बसून एकमेकांना दात दाखवत होती.